उताऱ्यात माणसे राहतात

परीक्षा जवळ आल्या की आमच्या वसतिगृहात एक वाक्य हमखास कानांवर पडते : "उताऱ्याचे काय एवढे? ते तर हक्काचे गुण!" हक्काचे, म्हणजे न शिकता मिळणारे. व्याकरणाचे नियम पाठ करावे लागतात, कवितेसाठी रसग्रहण घोकावे लागते, निबंधाला चार सुभाषिते गाठीला असावी लागतात. उताऱ्याला मात्र काहीच लागत नाही. उत्तर उताऱ्यातच असते, ते शोधायचे आणि उतरवायचे. मीही अनेक वर्षे हेच मानत आलो. आज तृतीय वर्षात मराठी विषय घेऊन बसलो असताना माझे मत नेमके उलटे झाले आहे. कथात्म उतारा वाचणे ही शिकण्याची गोष्ट आहे, ती आपल्याला कोणी धड शिकवत नाही, आणि ती न शिकल्याचे नुकसान गुणपत्रिकेपुरते राहत नाही. माझ्या सहाध्यायांपुढे आणि गुरुजनांपुढे हे मत मांडावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी माझीच फजिती सांगतो. अकरावीच्या चाचणी परीक्षेत एक अपठित उतारा आला होता. रात्रीची वेळ, खोलीत कंदील, आई उठते आणि वात खाली करते. प्रश्न होता : आईने वात खाली का केली? मी क्षणाचाही विचार न करता लिहिले, "रॉकेल वाचवण्यासाठी." आमच्या घरी भारनियमनाच्या दिवसांत आजी हेच करत असे. इतके मला पाठ असलेले उत्तर चुकेल कसे? पण ते चुकले. मी तावातावाने बाईंकडे गेलो. म्हटले, "बाई, हे शहरातल्यांना कळणार नाही. आमच्याकडे असेच असते." बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त उताऱ्यातल्या आधीच्या वाक्यावर बोट ठेवले. आजारी मुलगा उजेड नको म्हणून भिंतीकडे तोंड करून पडला होता, असे तिथे स्वच्छ लिहिले होते. मी ते वाक्य वाचले होते, पण पाहिले नव्हते. उताऱ्यातल्या आईला बाजूला सारून तिथे मी माझ्या आजीला आणून बसवले होते.

ही एका प्रकारची चूक झाली. हिच्या बरोबर उलट असलेली दुसरी चूक मला दोन वर्षांपूर्वी भेटली. राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आम्ही काही विद्यार्थी जवळच्या वस्तीत दहावीच्या मुलांना संध्याकाळी शिकवायला जातो. तिथे सरावासाठी मी स्वतःच एक छोटा उतारा रचला. तो असा :

"एस.टी. फलाटाला लागली तेव्हा स्टँडवरचे दिवे लागले होते. आभाळ दुपारपासून भरून आले होते. गावाकडची शेवटची गाडी मघाच निघून गेली होती. आप्पांना आता चार किलोमीटर चालत जायचे होते. 'पैसे आतल्या खिशात ठेव,' आप्पा म्हणाले. 'ठेवलेत,' बाबू म्हणाला. आप्पांनी बिडी काढली, पेटवली नाही, पुन्हा खिशात ठेवली. 'पोचल्यावर फोन कर.' 'करतो.' कंडक्टरने घंटी दिली. आप्पा खिडकीखाली आले. 'तिकडे पाऊस फार. छत्री घेतलीस ना?' बाबूने पाहिले. छत्री आप्पांच्याच काखेत होती. 'घेतली,' तो म्हणाला. गाडी हलली."

प्रश्न विचारला : बाबू खोटे का बोलला? खाली चार पर्याय दिले. (अ) तो विसराळू होता. (आ) त्याला छत्री वापरणे आवडत नव्हते. (इ) आप्पांना छत्रीची गरज आहे हे त्याने ओळखले होते. (ई) गाडी सुटत असल्याने त्याला घाई होती.

उतारा मी मोठ्याने वाचून दाखवत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा स्वतःशीच पुटपुटला, "आप्पा भिजला असता की." वाचन संपायच्या आत त्याला सगळे कळले होते. मी मनातून खूश झालो. पण पेपर तपासायला घेतला तर त्याच मुलाने (ई)वर खूण केलेली. मी त्याला जवळ बोलावून विचारले. तो म्हणाला, "दादा, 'गाडी हलली' असं उताऱ्यात लिवलंय. भिजायचं कुठं लिवलंय?"

त्या उत्तराने मी अंतर्मुख झालो. मुलाला माणसे वाचता येत होती. बापाच्या काखेतली छत्री, पोराचे खोटे बोलणे, भरून आलेले आभाळ, यांची सांगड त्याने आपोआप घातली होती. पण 'परीक्षा' हा शब्द आला आणि त्याने आपले कळणे वहीच्या बाहेर ठेवून दिले. "उत्तर उताऱ्यातूनच शोधा" हे आपणच त्याला वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. त्याचा अर्थ त्याने "उत्तराचे शब्द उताऱ्यात शोधा" असा घेतला, यात त्याचा दोष किती?

म्हणजे मी उताऱ्यात नसलेले घुसवले, आणि त्याने उताऱ्यात असलेले सोडले. माझे म्हणणे असे, की कथेच्या घटकांची ओळख ही या दोन्ही चुकांच्या मधली वाट आहे. कथानक, पात्रे, स्थळकाळ, संघर्ष, निवेदक, आशयसूत्र हे शब्द आपण प्रथम वर्षात टिपणवहीत उतरवून घेतो आणि पाच गुणांच्या टीपेसाठी राखून ठेवतो. ते परीक्षेच्या उत्तरात लिहायचे शब्द नाहीत. वाचताना हाताशी ठेवायची हत्यारे आहेत.

स्थळकाळच घ्या. 'वातावरणनिर्मिती' म्हटले की आपल्याला वाटते, लेखकाने सजावटीसाठी चार ओळी खर्च केल्या. घाईत वाचणारा त्या ओळी सोडूनच पुढे जातो. वरच्या उताऱ्यात मात्र उत्तर तिथेच आहे. आभाळ भरलेले, शेवटची गाडी गेलेली, चार किलोमीटरची चाल. ही तीन वाक्ये काढून टाका, बाबूच्या खोटेपणाला कारणच उरत नाही. मग (अ), (आ), (ई) कोणताही पर्याय सारखाच खरा वाटू लागेल. माझ्या अकरावीच्या उताऱ्यातला भिंतीकडे तोंड केलेला मुलगाही असाच वातावरणात मिसळून गेला होता.

कथानकाचे तसेच. 'काय काय घडले' याची यादी म्हणजे कथानक नव्हे. एकामुळे दुसरे कसे घडले हा त्याचा प्राण. आणि येथे आपली मराठी भाषा वाचकाला मोठा आधार देते. 'गाडी आली' आणि 'गाडी आली होती' यांत फक्त एका 'होती'चा फरक, पण त्या 'होती'ने घटना मागे सरकते. कथेत सांगण्याचा क्रम एक आणि घडण्याचा क्रम दुसरा असतो, तेव्हा बहुधा हा 'होता-होती'च आपल्याला खूण करत असतो. "घटनांचा योग्य क्रम लावा" या प्रश्नात गुण जातात ते बहुतेक इथे. व्याकरणाच्या तासाला पूर्ण भूतकाळ शिकतो तो आपण, आणि उताऱ्यात त्याला विसरतो तेही आपणच.

पात्रांच्या बाबतीत तर मराठी फारच उदार आहे. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांपैकी कोण कोणाला काय म्हणतो, एवढ्यावरून नाते कळते. कालपर्यंत 'अहो' म्हणणारे पात्र आज 'अरे' म्हणू लागले, तर मधल्या काळात काहीतरी घडले आहे. लेखकाने ते सांगितले नसले तरी. तसाच 'म्हणे' हा शब्द. 'तो मुंबईला गेला' हे निवेदकाला ठाऊक आहे. 'तो मुंबईला गेला म्हणे' ही केवळ ऐकीव गोष्ट. आणि 'च'! "छत्री आप्पांच्याच काखेत होती" यातला 'च' काढून पाहा. वाक्य साधी माहिती देते. 'च' असला की बाबूची नजर, तिचे थबकणे, सगळे त्यात येते. या बारीकसारीक अक्षरांवर अख्खे उत्तर उभे असते आणि आपण मात्र मोठमोठे शब्द शोधत फिरतो.

पात्र कळायचे असेल तर एकच साधा प्रश्न विचारावा : याला काय हवे आहे, आणि आडवे काय येते आहे? संघर्ष म्हणजे काही तलवारबाजी नव्हे. आप्पांना बोलायचे आहे आणि बोलता येत नाही. म्हणून ती न पेटलेली बिडी. पैसे, फोन, पाऊस ही सगळी त्या न बोललेल्या गोष्टीची निमित्ते आहेत. "आप्पांच्या मनातील अस्वस्थता दर्शवणारी कृती लिहा" असा प्रश्न आला तर 'अस्वस्थ' हा शब्द उताऱ्यात कोठेही नाही म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही. बिडी आहे ना!

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो निवेदकाचा. उताऱ्यात 'मी' दिसला की आपण बेधडक लेखकाचे नाव लिहून मोकळे होतो. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० च्या सुमारास 'करमणूक'मधून येऊ लागली, तेव्हापासून हा फरक मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आहे. लिहिणारे हरिभाऊ, पण सांगणारी यमू. उलट लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त सांगणारी आणि लिहिणारी एकच. चिं. वि. जोशी यांच्या कथांतला चिमणराव स्वतःच्या फजित्या स्वतःच गंभीरपणे सांगतो. त्याला जे दिसत नाही ते आपल्याला दिसते, म्हणून आपण हसतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) धनगरांची वाडी आपल्याला दिसते ती बाहेरून तिथे गेलेल्या तरुण मास्तराच्या डोळ्यांनी. वाडीतल्या एखाद्या मेंढक्याने तीच वाडी सांगितली असती तर ती वेगळी झाली असती. सांगणारा कोण, त्याला किती माहीत आहे आणि तो कोणाच्या शेजारी उभा आहे, हे तीन प्रश्न सुटले की निम्मा उतारा सुटला. माझ्या उताऱ्यात 'मी' नाही. तरी सांगणारा कोठे उभा आहे ते कळते. तो "बाबू म्हणाला" म्हणतो, पण "आप्पा म्हणाले" म्हणतो. बाबू ज्या आदराने बोलेल त्याच आदराने तो बोलतो. तो पोराच्या बाजूचा आहे.

राहता राहिले आशयसूत्र. येथे आपले बालपण आडवे येते. इसापनीतीतल्या प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य छापलेले असायचे, त्यामुळे गोष्ट म्हटली की आपण तळाशी बोधवाक्य शोधू लागतो. वरच्या उताऱ्याचे तात्पर्य एका मुलीने लिहिले होते : "नेहमी खरे बोलावे." बिचारीने शाळेत शिकवलेले प्रामाणिकपणे वापरले. परंतु कथा पुष्कळदा उपदेश करत नाही. ती एक परिस्थिती दाखवते आणि गप्प बसते. ती गप्प का बसली याचा विचार म्हणजे आशयाचा विचार.

या सगळ्यावर माझ्या खोलीतल्या मित्राचा आक्षेप आहे. तो स्पर्धापरीक्षांची तयारी करतो. तो म्हणतो, "एकेका उताऱ्याला दोनचार मिनिटे मिळतात. तेवढ्यात तुझा निवेदक आणि त्याचे नातेवाईक शोधत बसू का? आम्हाला सांगितले आहे, आधी प्रश्न वाचा, मग त्यातले शब्द उताऱ्यात हुडका." त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. संघ लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत आकलनाचे उतारे असलेला पेपर आणला, तेव्हापासून ही हुडकण्याची विद्या गल्लोगल्ली शिकवली जाते. तिथले बहुतेक उतारे वैचारिक असतात. त्यांत मुद्दा, पुरावा, निष्कर्ष अशी मांडणी असते, आणि शब्द हुडकून काही प्रमाणात काम भागते. कथा मात्र त्या युक्तीला दाद देत नाही, कारण कथेत महत्त्वाचे असते ते बहुधा लिहिलेलेच नसते.

हा फरक जगभरच्या परीक्षा जाणतात. चौथीच्या मुलांचे वाचन तपासणारी 'पर्ल्स' ही आंतरराष्ट्रीय पाहणी २००१ पासून दर पाच वर्षांनी होते; तिच्यात साहित्याच्या अनुभवासाठी वाचणे आणि माहितीसाठी वाचणे हे दोन वेगळे हेतू मानून दोन्हींना सारखी जागा दिलेली आहे. पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या 'पिसा' चाचणीत वाचकाकडून तीन कामे अपेक्षित असतात : मजकुरातली गोष्ट शोधणे, दोन गोष्टी जोडून अर्थ लावणे, आणि वाचलेल्यावर स्वतः विचार करून मत बनवणे. शोधा, जोडा, तोला. आपण शोधण्यापाशीच थांबतो. आपल्याकडे २००५ पासून होत आलेल्या 'असर' पाहणीत वाचनाची शेवटची पायरी म्हणून दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट दिलेली असते. तिथे मुख्यतः मूल ती सलग वाचते की नाही हे पाहतात. गोष्ट वाचता येणे ही पायरी खरीच. पण गोष्ट कळणे ही तिच्या पुढची पायरी, आणि ती चढवायची जबाबदारी शाळा-महाविद्यालयांचीच आहे.

मित्राच्या घड्याळाला माझे उत्तर असे : पाच प्रश्न मनात ठेवून एकदाच सलग वाच. कोण सांगतो? कोणाला काय हवे? आडवे काय आले? कोठे आणि केव्हा? सुरुवातीपेक्षा शेवटी काय बदलले? सवय झाली की याला जादा वेळ लागत नाही. उलट प्रत्येक प्रश्नासाठी उतारा पुन्हापुन्हा चाळण्याचा वेळ वाचतो. त्यानेही हे करून पाहिले. पटले असे तो अजून कबूल करत नाही, पण आक्षेप घेणे थांबवले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्या वर्गातूनच आला. कलाकृती अनेकार्थी असते असे आपण साहित्यशास्त्राच्या तासाला शिकतो. मग चारातला एकच पर्याय बरोबर कसा? हे मला अंशतः मान्य आहे. आशयावरचे प्रश्न पर्यायांच्या चौकटीत कोंबू नयेत. तिथे विद्यार्थ्याला दोन वाक्ये लिहू द्यावीत आणि आधार मागावा. परंतु अनेक अर्थ असणे म्हणजे कोणताही अर्थ असणे नव्हे. माझे रॉकेल हा त्या उताऱ्याचा 'आणखी एक अर्थ' नव्हता. तो फक्त माझा आळस होता, आणि मी त्याला अनुभवाचा मुलामा दिला होता.

आता गुरुजनांना थोडे नम्रपणे सांगावेसे वाटते. दहावीची नवी पुस्तके २०१८ साली आली आणि कृतिपत्रिका रुळली. त्यातला ओघतक्ता मला आवडतो. त्याने घटनांची साखळी दिसते. पण चौकटी पूर्ण करा, जोड्या लावा, एका शब्दात उत्तर द्या, यांत गोष्टीचे तुकडे होतात आणि माणसे निसटतात. 'कोण' आणि 'कोठे' यांच्या जोडीला एक तरी 'का' आणि एक तरी 'कशावरून' असावे. उतारा कापताना सांगणारा कोण हे कळेल इतका मजकूर ठेवावा. आणि शक्य असेल तिथे प्रश्न दाखवण्याआधी उतारा एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. त्या मुलाला ऐकताना जे कळले होते ते प्रश्न पाहिल्यावर हरवले, हे मी विसरू शकत नाही.

एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्यापैकी बहुतेकांना पुढे कथा-कादंबऱ्या वाचायला वेळ मिळेलच असे नाही. पण घरून आलेला फोन, वडिलांचे तुटक बोलणे, मित्राचे 'काही नाही रे' हे सगळे कथात्म उतारेच आहेत. तिथेही आपण एक तर आपल्याच मनातले दुसऱ्यावर लादतो, नाहीतर समोर दिसणारे उच्चारले गेले नाही म्हणून सोडून देतो. तिथल्या चुकांचे पुनर्मूल्यांकन होत नाही.

त्या वस्तीतल्या मुलाविषयी एक सांगायचे राहिले. उताऱ्याची सगळी चिरफाड करून झाल्यावर, वही मिटता मिटता त्याने मला विचारले, "दादा, बाबूनं छत्री नेली न्हाई हे आप्पाला कळलं असंल का?" उतारा माझाच, तरी मला उत्तर येईना. मी पुन्हा वाचून पाहिले. उत्तर नव्हते, आणि का नव्हते तेही मग लक्षात आले. सांगणारा बाबूबरोबर गाडीत बसून निघून गेला होता. आप्पा मागे, फलाटावरच राहिले होते.